गॅस की इंडक्शन? हवेचा हिशेब वेगळा, कार्बनचा वेगळा

शेगडी बदलताना दोन प्रश्नांची गल्लत होते. घरातली हवा सुधारेल का? जवळजवळ नेहमीच, हो. कार्बन कमी होईल का? ते वीज कशापासून बनते त्यावर आहे.

आधी हवा. ज्योत पिवळी झाली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. बहुतेक वेळा बर्नरची भोकं तुंबलेली असतात, ती साफ केली की ज्योत निळी होते. पण निळी ज्योतही निर्दोष नाही. तिच्या उष्णतेने हवेतल्याच नायट्रोजनपासून नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो. दम्याच्या माणसाला आणि लहान मुलांना तो जास्त बाधतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये त्याची २४ तासांची मर्यादा घनमीटरला २५ मायक्रोग्रॅम ठरवली. इंडक्शनवर काही जळतच नाही, त्यामुळे हा वायूही नाही.

फोडणीचा आणि तळणीचा धूर मात्र दोन्हीकडे सारखाच. म्हणून इंडक्शन घेतलं तरी चिमणी किंवा एक्झॉस्ट पंखा हवाच, आणि तो हवा बाहेर टाकणारा. कोळशाच्या फिल्टरमधून हवा पुन्हा घरातच सोडणारी चिमणी वास कमी करते, पण कार्बन मोनॉक्साइड तिला अडवता येत नाही. पाइपला वळणं कमी ठेवा. झोल पडलेला लवचिक पाइप अर्धी ओढ खाऊन टाकतो. जाळीला पातळ कागद लावून पाहा. चिकटून राहिला तर ओढ ठीक; गळून पडला तर आधी जाळीवरचं तेल धुवा, मग खिडकी बोटभर उघडून पुन्हा पाहा. बाहेरून हवा आत आली नाही तर पंखा ओढणार काय?

आता कार्बन. १ किलो एलपीजी जळून साधारण १२.८ युनिट उष्णता आणि ३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. निम्मी उष्णता भांड्याच्या बाजूने निसटते असं धरलं, तर कामी येणाऱ्या दर युनिटमागे सुमारे ०.४७ किलो. इंडक्शनची सुमारे ८५ टक्के वीज भांड्यात उतरते. म्हणजे एका युनिट विजेमागे ०.४ किलोपेक्षा कमी कार्बन असेल तरच इंडक्शन सरस. निव्वळ कोळशाच्या विजेवर हा आकडा ०.९ च्या आसपास जातो, तिथे गॅसच बरा. छतावर सौर पॅनल असतील आणि स्वयंपाक दिवसा होत असेल, तर प्रश्नच मिटला.

इंडक्शन बिघडण्याची कारणं बहुधा साधी असतात. २००० वॉटची शेगडी २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर ओढते. तिला १६ अँपिअरचं सॉकेट आणि २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर द्या. एक्स्टेंशन बोर्डावर लावली तर प्लग वितळू शकतो. भांड्याच्या बुडाला लोहचुंबक घट्ट चिकटला पाहिजे आणि बूड सपाट हवं. खालची पंख्याची जाळी तेलकट धुळीने भरली की शेगडी तापून मध्येच बंद पडते. महिन्यातून एकदा सुक्या ब्रशने झाडा. पेसमेकर असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

घरात दमा किंवा तान्हं बाळ असेल, तर वीज कोळशाची असली तरी आम्ही इंडक्शनच सुचवू. वीज वरचेवर जात असेल तर गॅसचा एक बर्नर ठेवा, मात्र तो मागच्या बाजूला, चिमणीच्या बरोबर खाली.