नव्या रीफ टँकसाठी कॅरिबसीचा लाइफ रॉक: काय मिळतं, काय नाही

रीफ टँक म्हणजे प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी. तिच्यासाठी कॅरिबसी कंपनी विकते त्या या दगडाच्या नावात ‘लाइफ’ असलं तरी तो कोरडाच येतो, जिवंत समुद्री दगडासारखा ओला नाही. अ‍ॅरागोनाइटपासून (एक प्रकारचं कॅल्शियम कार्बोनेट) बनवलेला कृत्रिम दगड, वर जांभळट लेप आणि लेपात सुप्त जिवाणू. हा जांभळा रंग कोरलाइनचा, म्हणजे दगडावर कठीण थर धरणाऱ्या जांभळट शेवाळाचा, नाही. डायटमचा (सूक्ष्म शैवालाचा) तपकिरी थर आला की तो काही आठवड्यांत झाकला जातो, म्हणून निव्वळ रंगावर भाळून घेऊ नका.

घ्यावा तो स्वच्छतेसाठी. समुद्री दगडाबरोबर येणारे आयप्टेशिया (झपाट्याने पसरणारं उपद्रवी समुद्रफूल), मँटिस श्रिंप (शिकारी कोळंबीसारखा प्राणी), बबल अल्गी (फुगेरी शेवाळ) इथे नसतात. खाणीतले काही दगड महिनोन्‌महिने फॉस्फेट सोडतात, तो त्रासही सहसा होत नाही. २०० लिटरच्या टाकीला ४० पौंडांचं (सुमारे १८ किलो) एक खोकं भरपूर झालं.

दगड आधी तळाच्या काचेवर बसवा, वाळू नंतर. वाळूवर ठेवलेल्या दगडाखाली पिस्टल श्रिंपने (बीळ करणारी कोळंबी) बीळ केलं की सगळा डोलारा कोसळतो. बाजूच्या काचेपासून ८-१० सेंमी मोकळे सोडा, नाहीतर साफसफाईचं मॅग्नेट फिरणार नाही. सांध्यावर सुपरग्लू जेल, मध्ये इपॉक्सी पुटी, पुन्हा जेल. नुसती पुटी ओल्या दगडाला धरत नाही.

जिवाणू आहेत म्हणून लगेच मासे सोडू नका. आधी सायकल, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू टाकीत वाढवणं, पूर्ण करा: खारेपणा विशिष्ट गुरुत्व १.०२५, तापमान २५-२६ अंश, आणि पाण्यात अमोनिया २ पीपीएम (दशलक्षात दोन भाग) होईल इतका घाला. हा अमोनिया २४ तासांत शून्यावर आला आणि नायट्राइटही शून्य दिसलं, तरच सायकल पूर्ण.

खरी परीक्षा त्यानंतर असते. दगड जवळजवळ रिकामा, त्यात मोठा स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) आणि जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोह-ऑक्साइडचे दाणे) लावून नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर आणलं, की डायनो (डायनोफ्लॅजेलेट, सूक्ष्म एकपेशीय जीव) पसरतात: तपकिरी, चिकट, बुडबुडे धरलेले धागे. नायट्रेट ५ आणि फॉस्फेट ०.०५ पीपीएमच्या आसपास राहू द्या.

कोपेपॉड (सूक्ष्म कवचधारी जीव), कृमी, स्पंज, खरं कोरलाइन यांतलं काहीच खोक्यात येत नाही. त्यासाठी कुणाच्या तरी जुन्या, निरोगी टाकीतला दीड-दोन किलो दगड ओलाच आणून सोडा. आणण्याआधी त्यावर आयप्टेशिया नाही ना, हे टॉर्च मारून पाहा. फ्लोरिडात भाडेपट्ट्याच्या समुद्रतळावर मुद्दाम वाढवलेला दगड विकत मिळतो. भारतात मात्र प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, तेव्हा किनाऱ्यावरचा प्रवाळाचा तुकडा टाकीसाठी उचलू नका आणि कुणी विकत असेल तर घेऊही नका.