सोसायटीच्या गच्चीवर काय बसवायचं: साधं सोलर, बॅटरीवालं सोलर की जनरेटरच बरा?

आमची नेरुळमधली सात मजली सोसायटी, दोन लिफ्ट, एक पंप, आणि मीटिंगमध्ये दोन तास आरडाओरडा झाल्यावर लक्षात आलं की अर्ध्या लोकांना सोलर हवंय मेंटेनन्स वाढू नये म्हणून आणि अर्ध्यांना हवंय लाईट गेल्यावर लिफ्ट चालावी म्हणून. दोन्ही गट एकाच बाजूने हात वर करत होते. तुमच्याकडे विषय निघाला असेल तर आधी हा गुंता सोडवा, नाहीतर पैसे खर्च करून निम्मी सोसायटी तुमच्या नावाने खडे फोडणार.

तर पहिलं, साधं म्हणजे ऑन-ग्रिड सोलर, बॅटरी नसलेलं आणि बाहेरच्या लाईनला जोडलेलं. हे लाईट गेली की बंद पडतं. भर दुपारी एक वाजता, डोक्यावर ऊन रणरणत असलं तरी बंद. बिघाड नाहीये तो, मुद्दामच तसं केलेलं असतं, कारण तुमच्या गच्चीवरची वीज बाहेरच्या लाईनमध्ये गेली तर तिकडे काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतेल, म्हणून सप्लाय गेला की सोलरचा इन्व्हर्टर (पॅनेलची वीज आपल्या वायरिंगला चालेल अशी करणारा डबा) स्वतःच थांबतो. आमच्याकडे तिघे जण कोटेशन घेऊन आले, त्यातल्या दोघांनी हे विचारल्याशिवाय सांगितलं नाही.

पण बिलासाठी मात्र याला तोड नाही. सोसायटीच्या कॉमन मीटरला घरगुती दर लागतो आणि लिफ्ट-पंपामुळे बराचसा वापर ५०० युनिटच्या वरच्या स्लॅबमध्ये जातो, म्हणजे सगळ्यात महाग युनिट आधी कापले जातात. एक किलोवॅटला वर्षाची सरासरी धरून दिवसाला साधारण ४ युनिट, म्हणजे १० किलोवॅटचे महिन्याला १,२०० च्या आसपास, आमचा वापर जवळपास तेवढाच आहे. जुलैत मात्र निम्मेच धरून चला. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे जास्तीची वीज लाईनला देऊन ती बिलातून वजा करून घेण्याच्या सोयीत, एप्रिल-मेचे जास्तीचे युनिट पावसाळ्यात वापरता येतात, पण ३१ मार्चला जे उरतात ते अगदी कमी दराने जातात, त्यामुळे जागा आहे म्हणून मोठी सिस्टीम टाकू नका. फेब्रुवारी २०२४ ला सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या कॉमन वापरासाठी किलोवॅटला १८,००० सबसिडी आहे, पण त्यासाठी सेलसकट भारतात बनलेलं, म्हणजे डीसीआर पॅनेलच लागतं. स्वस्त पडतं म्हणून कोणी दुसरं गळ्यात मारत असेल तर सबसिडी विसरा.

आता जागा. एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट, तेही सावली नसलेलं, आणि आपल्याकडे गच्चीवर पाण्याची टाकी, लिफ्टची रूम, पावसासाठी टाकलेली पत्र्याची शेड, वर शेजारचा नवीन टॉवर. टॉप फ्लोअरवाल्यांची भीती गळतीची, आणि ती खोटी नाहीये. स्लॅबला ड्रिल मारू देऊ नका, सिमेंटचे ब्लॉक ठेवून त्यावर स्ट्रक्चर उभं करायला सांगा, मात्र खाडीकडून वारा येतो तेव्हा ते उडणार नाही इतकं वजन हवं. आणि कबुतरं! एकाच जागी शीट साठली तरी त्या पट्ट्यातली वीज कमी होते आणि सेल तापतो. धुणार कोण, हे कोटेशनच्या दिवशीच लिहून घ्या.

दुसरं, बॅटरीवालं म्हणजे हायब्रिड. ऐकायला हेच सगळ्यात भारी वाटतं. लाईट गेली तरी चालतं, आवाज नाही, धूर नाही. पण लिफ्टची मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, विशेषतः जुन्या लिफ्टमध्ये मोटर हळूहळू सुरू करणारा ड्राइव्ह नसेल तर, त्यामुळे इन्व्हर्टर आणि बॅटरी त्या एका झटक्यासाठी मोठी घ्यावी लागते आणि तिथेच खर्च फुगतो. लेड-अ‍ॅसिड घेतली तर चार-पाच वर्षांत परत बॅटरीचा खर्च. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बरीच जास्त टिकते पण आधीच महाग. ज्यांच्याकडे वरचेवर दोन-तीन तास लाईट जाते त्यांना परवडेल. आमच्याकडे मे महिन्यातले मेंटेनन्सचे कट सोडले तर वर्षातून मोजून काही वेळा जाते, तेवढ्यासाठी लाखो रुपये बॅटरीत घालायचे?

तिसरा आपला जुना जनरेटर. लिटरला तीन-साडेतीन युनिट देतो, डिझेल नव्वदच्या आसपास धरलं तर युनिट पंचवीस-तीस रुपयांच्या घरात, आणि आपलं तेल तर पंच्याऐंशी टक्क्यांच्या वर बाहेरून येतं. (पॅनेलच्या बाजारातही चीनचाच वरचष्मा आहे, पण पॅनेल एकदा आणलं की वर्षानुवर्षं चालतं, डिझेल दर वेळी आणावं लागतं.) आणि नेमक्या वेळी दगा देण्यात जनरेटरचा हात कोणी धरणार नाही. १२ ऑक्टोबर २०२० आठवतंय ना, सकाळी कळवा-पडघे लाईन ट्रिप होऊन मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळं बंद पडलं होतं. आमच्या बी विंगमधले आजोबा तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये लटकले, खाली जनरेटरची बॅटरी उतरलेली, कारण कित्येक महिने कोणी तो चालवूनच बघितला नव्हता. शेवटी वॉचमनने एका मेंबरच्या वॅगनआरला वायरी लावून तो सुरू केला. तोवर आजोबा आतून सेक्रेटरीला जे काय बोलत होते ते इथे लिहिता येत नाही.

त्या दिवशी खरं तर जनरेटरपेक्षा एआरडी हवा होता. लाईट गेली की लिफ्टला जवळच्या मजल्यावर आणून दार उघडणारा छोटा बॅटरीचा डबा. सात मजली बिल्डिंगला तो आणि जिन्यातल्या दिव्यांना साधा इन्व्हर्टर एवढ्यावर भागतं असं माझं स्पष्ट मत आहे, मग वरती ऑन-ग्रिड सोलर टाका आणि बिल कमी करा. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या पंचवीस-तीस मजली टॉवरचं गणित वेगळं, तिथे वयस्कर माणसं जिने चढू शकत नाहीत, फायर पंप आणि फायर लिफ्टलाही दुसरा सप्लाय लागतो, म्हणजे जनरेटर राहणारच. तिथे सोलर जनरेटरबरोबर जोडायचं असेल तर मध्ये कंट्रोलर लागतो, नाहीतर वीज उलटी जनरेटरमध्ये घुसून त्याची वाट लावते.

आणि वाशी-नेरुळच्या जुन्या सिडको बिल्डिंगमध्ये रीडेव्हलपमेंटचं बोलणं सुरू असेल तर कशालाच हात लावू नका, पंचवीस वर्षांचं पॅनेल पाच वर्षांत उतरवून कुठे ठेवणार. एआरडी तेवढा बसवून घ्या.

आमचा ठराव झाला १० किलोवॅट ऑन-ग्रिडचा, स्ट्रक्चर सात-आठ फूट उंच, त्याचे थोडे जास्त पैसे जाणार. ते कशासाठी, तर खाली पापड-कुरडयांचं वाळवण घालता यावं आणि कोजागिरीला गच्ची मोकळी मिळावी म्हणून. पॅनेलच्या सावलीत वाळवण वाळणार कसं, हे अजून कोणी विचारलेलं नाही.