दशावतारी गंजिफा : फ्रेम करू नका, खेळा!

मे महिन्यात सावंतवाडीला गेलो तेव्हा चितार आळीत लाकडी केळी-आंबे बघता बघता एका दुकानात हा सेट दिसला आणि घेऊन टाकला. पूर्ण हाताने रंगवलेला दशावतारी गंजिफा, म्हणजे विष्णूच्या दहा अवतारांचे जुन्या पद्धतीचे पत्ते, गोल पानं, लाकडी डबी, तीपण रंगवलेली. किंमत काही हजारात जाते, त्यामुळे बायकोने डोळे मोठे केले होते, ते आधीच सांगतो.

एकूण १२० पानं. दहा अवतार म्हणजे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. राजा म्हणजे स्वतः अवतार, प्रधान घोड्यावर. दुकानात सगळे राजाचीच पानं हातात घेऊन वा वा करतात, मीपण केलं, पण घरी आल्यावर निवांत बघितलं तर खरी मजा साध्या पानांत आहे हो. कूर्माची दश्शी घ्या, रुपयापेक्षा थोड्या मोठ्या गोलात दहा कासवं बसवायचीत आणि ती गर्दी वाटता कामा नये! रांगेत लावली तर कडेला कापली जातात, म्हणून चिताऱ्याने ती गोलात फिरवलीत. परशुरामाच्या कुऱ्हाडींना परत वेगळी युक्ती, कारण दांडा लांब. राजा काय, ठरलेलाच असतो. नव्वा, दश्शी काढताना मात्र डोकं चालवावं लागतं.

आता खेळायचं म्हणाल तर डबीतल्या कागदावर नियम चार ओळीत उरकलेत, त्याचा एक स्टार कापला. आम्ही इकडून तिकडून वाचून जमवलं. तिघं लागतात, प्रत्येकाला ४० पानं. आपल्या पत्त्यांसारखं पिसता येत नाही, चादरीवर उलटी पसरून कालवायची. चाळीस गोल पानं हातात धरणं हा वेगळाच योगा आहे, माझी दोनदा सांडली. अर्ध्या रंगांत दश्शी मोठी, अर्ध्या रंगांत एक्का मोठा, हे डोक्यात बसेपर्यंत दोन डाव गेले.

आणि सगळ्यात भारी नियम म्हणजे दिवसा खेळत असाल तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्याची उतारी, रात्री असेल तर कृष्णाचा राजा. आम्ही बसलो नेमके दिवेलागणीला, वेंगुर्ल्याला मामाकडे. राम मामेभावाकडे, कृष्ण मामाकडे. मामा म्हणे रात्र झाली, भाऊ म्हणे अजून उजेड आहे, पंधरा मिनिटं नुसतं आकाश बघत भांडण. मामी कंदील पुसता पुसता म्हणाली, "अरे, ही पानां खेळाची काय पूजेची?"

तिचा प्रश्न बरोबरच होता म्हणा. तिकडच्या माणसाला हे देव जत्रेत रात्रभर दशावतारी नाटकात दिसतात, पेटी-मृदंगावर, आणि त्यातले संवाद लिहिलेले नसतात, नट उभ्या उभ्या रचतो. तेच देव इथे हातात घेऊन आपण हात मारतो. एकाच गोष्टीचं कुठे नाटक, कुठे चित्र, कुठे खेळ, आणि प्रत्येक ठिकाणी करणाऱ्याला स्वतःचं काहीतरी घालायला जागा ठेवलीय. म्हणूनच फ्रेममध्ये टांगलेला गंजिफा बघितला की मला जरा कसंतरी होतं.

खेळ मूळचा आपला नाही, बाबराने १५२७ साली सिंधला गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे, त्या मुघल प्रकारात आठ रंग, ९६ पानं. दहा अवतार आपल्या लोकांनी घातले. सावंतवाडीत तर ही कला जवळजवळ संपली होती, राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसल्यांनी जुन्या चिताऱ्याकडून शिकून घेऊन ती परत उभी केली. राजवाड्यात कलाकार पानं रंगवत बसतात, घ्यायच्या आधी तिथे जरूर डोकावा, मग किंमत महाग वाटत नाही.

लाखेचा हात असल्यामुळे पानं गुळगुळीत आहेत, पण ओल्या हाताने धरू नका आणि लहान मुलांपासून लांब ठेवा, आमच्या भाच्याने वराहाचा प्रधान चावून बघितला. घेताना पानं मोजून घ्या. छोटे सेट पण मिळतात, पण ते शोभेलाच.

साडेतीन स्टार नियमांच्या कागदासकट, नुसत्या पानांना साडेचार. काल मामाचा फोन होता, गणपतीला येताना डबी आण म्हणाला, आणि बसायचं तर जेवणं झाल्यावरच, दिवसा राम त्याच्याकडे कधीच येत नाही म्हणे.