जुन्या गोव्यातलं विजरईंचं दालन: जाण्याआधी हे वाचून जा

जुन्या गोव्यात बसगाड्या भरभरून माणसं येतात, बॉम जेझू बॅसिलिका आणि से कॅथेड्रल बघतात आणि परत फिरतात. कॅथेड्रलला लागूनच असिसीच्या संत फ्रान्सिसचं चर्च आहे. त्याच्या जुन्या मठात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं संग्रहालय १९६४ पासून आहे. तळमजल्यावरचे वीरगळ, सतीशिळा आणि मूर्ती बघण्यासारख्या आहेतच, पण आमची शिफारस आहे ती वरच्या मजल्यासाठी. पोर्तुगीज हिंदुस्थानवर लिस्बनहून नेमून आलेल्या गव्हर्नरांची आणि विजरईंची (व्हाइसरॉयांची) साठेक पूर्णाकृती चित्रं तिथे आहेत. एकाच सरकारी पदाचा शतकानुशतकांचा इतिहास असा ओळीने भिंतीवर लावलेला भारतात दुसरीकडे सापडणं कठीण. वसई, चौल, साष्टी आणि फोंड्याच्या लढाया ज्यांनी वाचल्यात, त्यांनी तर हे दालन चुकवूच नये.

अडचण एकच आहे. चित्रं आपणहून फार कमी बोलतात. खाली नाव, क्रम, वर्ष. बाजूला घराण्याचं चिन्ह. हातात अधिकाराची छडी किंवा कमरेला तलवार. याच्यापलीकडे काही नाही. त्यामुळे तयारी न करता गेलेला माणूस दहा मिनिटांत बाहेर पडतो आणि ‘सगळे दाढीवाले सारखेच दिसतात’ म्हणतो. थोडी तयारी केली तर दीड तास सहज जातो.

सगळ्यात आधी विजरई आणि गव्हर्नर यांतला फरक समजून घ्या. कामकाज, सैन्य, आरमार, न्याय, नेमणुका यांवरचा दोघांचा अधिकार जवळजवळ सारखाच. विजरई हा किताब मात्र राजाच्या जागी बसणाऱ्याचा. तो मोठ्या घराण्यातल्या माणसाला किंवा विशेष मर्जीतल्याला मिळायचा. १५०५ मध्ये फ्रान्सिस्को द आल्मेदा निघाला तेव्हा त्यालाही आधी किल्ले, मग किताब असाच हुकूम होता. कारवारजवळच्या अंजदीव बेटावर आणि पुढे कन्नूरला किल्ल्यांची कामं सुरू झाल्यावर तो विजरई म्हणवू लागला. त्याच्या मागून आलेल्या आफोन्सो द आल्बुकेर्कने १५१० मध्ये गोवा घेतला, मे महिन्यात गमावला, २५ नोव्हेंबरला पुन्हा जिंकला. इतकं करूनही तो शेवटपर्यंत गव्हर्नरच राहिला. चित्राखालचा मजकूर वाचताना हा शब्द आधी शोधा. कोणाला किताब मिळाला आणि कोणाला नाही, यावरून लिस्बनच्या दरबारातलं त्याचं वजन कळतं.

दुसरी गोष्ट म्हणजे वारा. हे पद एवढं बलाढ्य का झालं याचं उत्तर मोसमी वाऱ्यात आहे. जहाजं लिस्बनहून मार्च-एप्रिलमध्ये सुटत, आफ्रिकेला वळसा घालून सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास गोव्याला लागत. परतीची जहाजं डिसेंबर-जानेवारीत निघत. म्हणजे गोव्यातून विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हातात पडायला दीड वर्ष तरी जायचं. नेमणूक साधारण तीन वर्षांची. एवढ्या काळात राजाचा सल्ला एकदा किंवा फार तर दोनदा मिळणार. बाकीचा कारभार स्वतःच्या अकलेने. आणि कारभार नुसत्या गोव्याचा नव्हता: मोझांबिक १७५२ पर्यंत आणि मकाव १८४४ पर्यंत गोव्याच्याच हाताखाली होते.

मग मध्येच विजरई मेला तर? त्यासाठी लिस्बनहून मोहोरबंद पाकिटं आधीच आलेली असत. मृत्यूनंतर ती सगळ्यांसमोर फोडायची, आत ज्याचं नाव निघेल तो पुढचा गव्हर्नर. वास्को द गामा १५२४ मध्ये विजरई म्हणून आला आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला कोचीनला वारला, तेव्हा पाकीट फोडून हेन्रिक द मेनेझिस निघाला. तोही १५२६ मध्ये गेला. पुढच्या पाकिटातलं नाव होतं पेरो माश्कारेन्यश, पण तो त्या वेळी आजच्या मलेशियातल्या मलाक्क्यात! तो येईपर्यंत जागा रिकामी कशी ठेवायची म्हणून आणखी एक पाकीट फोडलं आणि लोपो वाझ द सांपायो याला बसवलं. माश्कारेन्यश परत आला तर सांपायो खुर्ची सोडेना. उलट त्यालाच कैद केलं. हा तंटा १५२९ पर्यंत चालला. शेवटी नवा गव्हर्नर नुनो द कुन्या आला, त्याने सांपायोला पकडून लिस्बनला रवाना केलं. याच नुनो द कुन्याच्या कारकिर्दीत, १५३० मध्ये, राजधानी कोचीनहून गोव्याला आली. पहिल्या रांगेत ही सगळी नावं एकमेकांच्या जवळपास येतात. म्हणून पहिली दहा चित्रं घाईने ओलांडू नका. पुढच्या कुठल्याही दहांपेक्षा इथे जास्त घडलेलं आहे.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो जुआंव द कास्त्रोपाशी, कारण हे दालनच त्याचं. १५४७ मध्ये त्याने आधीच्या सगळ्या गव्हर्नरांची चित्रं काढून घ्यायचं ठरवलं. गास्पार कोर्रेया नावाचा इतिहासकार तेव्हा गोव्यात होता. त्याने हे लोक प्रत्यक्ष पाहिलेले होते आणि त्याचा हातही चित्रकलेत चालायचा. कोर्रेयाने चेहरे सांगितले आणि रेखाटले, रंगवले ते इथल्याच एका चित्रकाराने. त्याचं नाव कोर्रेयाने नोंदवलं नाही, याची हळहळ वाटते. सोळाव्या शतकातल्या पोर्तुगीज सत्ताधीशांचे चेहरे जगाला ज्या हातामुळे कळले तो हात गोव्याचा होता, आणि दालनातली ही सर्वांत महत्त्वाची बाब आहे असं आमचं ठाम मत आहे.

कास्त्रोची दाढी नीट बघा. १५४६ मध्ये दीवचा वेढा मोडून काढल्यावर पडलेला किल्ला पुन्हा बांधायला त्याच्याकडे पैसे नव्हते. त्याने गोव्याच्या नगरपालिकेकडे वीस हजार पार्दाव (तेव्हाचं गोव्यातलं नाणं) कर्जाऊ मागितले. तारण म्हणून वेढ्यात मेलेल्या मुलाची हाडं पाठवावीत असा त्याचा विचार होता, पण प्रेत उकरण्याच्या स्थितीत नव्हतं. मग त्याने स्वतःच्या दाढीचे केस पाठवले. शहराने पैसे दिले आणि केसही परत केले. गव्हर्नर म्हणून आलेला हा माणूस १५४८ मध्ये विजरई म्हणून वारला.

आता दोष. हे चेहरे १५४७ चे आहेत असं समजून बघू नका. लाकडी फळ्या, समुद्रकाठची दमट हवा आणि वाळवी यांनी चित्रं वारंवार खराब झाली आणि दर वेळी त्यांवर नवा रंग चढवला गेला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गोव्यात नोकरीला असलेल्या मानुएल गोमेश द कोश्ता या लष्करी अधिकाऱ्यानेही बरीच चित्रं रंगवून काढली. हाच पुढे १९२६ चं बंड करून काही दिवस पोर्तुगालचा राष्ट्राध्यक्ष झाला. चित्रकार म्हणून त्याने नुकसानच जास्त केलं. अशा डागडुजीत मूळ रेषा झाकल्या गेल्या, अक्षरं नव्याने लिहिली गेली, नाव आणि चेहरा यांची गल्लत व्हायला वाव राहिला. म्हणून चेहऱ्यापेक्षा पोशाख, शस्त्रं आणि कुलचिन्ह यांवर जास्त विसंबा. काही चित्रं दुरुस्तीसाठी लिस्बनला गेली. आल्बुकेर्कचं एक जुनं चित्र तिथल्या राष्ट्रीय कला संग्रहालयात आहे.

मराठी वाचकाने सतराव्या-अठराव्या शतकाकडे आल्यावर थांबायची ठिकाणं आधीच ठरवून ठेवावीत. आंतोनियो द मेलो इ काश्त्रो: राजाने मुंबई इंग्रजांना आंदण दिल्यावरही याने १६६५ पर्यंत ती हातची सोडली नाही आणि इंग्रज मुंबईत बसले की हिंदुस्थान गेलाच समजा, असं लिस्बनला कळवलं. कोंदि (म्हणजे काउंट, सरदारी किताब) द आल्व्होर: १६८३ मध्ये याने फोंड्याला वेढा घातला, तो अंगाशी आला आणि नोव्हेंबरात संभाजी महाराजांची माणसं शहराजवळच्या जुवे बेटावर उतरली. शहर आता जातं या भीतीने त्याने आपली अधिकाराची छडी संत फ्रान्सिस झेवियरच्या शवापाशी नेऊन ठेवली. पुढच्या गव्हर्नरांनी सूत्रं हाती घेताना छडी तिथूनच उचलायची, असा रिवाज त्यातून पडला. हे वाचून मग हातातल्या छड्या बघा, त्या नुसती शोभा राहत नाहीत. कोंदि द सांदोमिलच्या काळात १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. मार्केश (कोंदिच्या वरचा सरदारी किताब) द आलोर्ना याला तो किताब पेडण्याकडचा हळर्ण (पोर्तुगीजांचं आलोर्ना) किल्ला जिंकल्याबद्दल मिळाला. आणि कोंदि द आल्वा १७५६ च्या जूनमध्ये फोंड्याच्या मर्दनगडावर चालून गेला, तो तिथेच मारला गेला.

एकोणिसाव्या शतकातले गणवेश, बिल्ले आणि खांद्यावरच्या झालरी भराभर बघितल्या तरी चालतील. या काळातली खरी घटना वेगळीच आहे: बर्नार्दो पेरिश द सिल्वा हा गोव्याचा भूमिपुत्र १८३५ च्या जानेवारीत प्रीफेक्ट (गव्हर्नरच्या जागचा मुख्य कारभारी) म्हणून कारभारावर आला आणि सतरा दिवसांत लष्करी उठावाने त्याला घालवलं. एवढ्या दीर्घ काळात हे पद गोवेकराच्या वाट्याला आलं ते एवढंच. शेवटचा गव्हर्नर जनरल मानुएल आंतोनियो वासालो इ सिल्वा. मरेपर्यंत लढा, असा पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचा हुकूम त्याने मानला नाही आणि १९ डिसेंबर १९६१ ला शरणागतीवर सही करून माणसं आणि शहरं वाचवली. पोर्तुगालने त्याला सैन्यातून काढलं. १९७४ च्या क्रांतीनंतर त्याचं पद परत मिळालं. आमच्या मते या संपूर्ण यादीत आदराने आठवावं असं हे एक नाव आहे.

जाण्याबद्दल. शुक्रवारी संग्रहालय बंद असतं. तिकीट नाममात्र. वरचा मजला त्या दिवशी उघडा आहे का, हे तिकीट काढण्याआधी खिडकीवरच विचारा, आणि फोटो काढायला परवानगी आहे का तेही. संत फ्रान्सिस झेवियरच्या ३ डिसेंबरच्या फेस्ताच्या (सणाच्या) आसपास आणि दर दहा वर्षांनी त्याचं शवदर्शन असतं तेव्हा इकडे फिरकू नका, गाडी लावायलाही जागा मिळत नाही. कोकण रेल्वेचं करमळी स्टेशन जवळ आहे. पणजीहून यायचं तर बायपासने न येता रायबंदरच्या रस्त्याने या: पणजी आणि रायबंदर जोडणारा तीनेक किलोमीटरचा तो लांबलचक दगडी पूल कोंदि द लिन्यारिश या विजरईने १६३३-३४ मध्ये बांधून घेतला, आणि त्यावरून आजही गाड्या धावतात.

दालन झाल्यावर मांडवीच्या धक्क्याकडे पाच-सात मिनिटं चालत जा. तिथे विजरईंची कमान आहे. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा स्वतः विजरई होता, त्याने ती पणजोबाच्या स्मरणार्थ उभारली. नवा विजरई नदीतून येऊन याच कमानीखालून शहरात शिरत असे. आज दिसते ती १९५४ मध्ये नव्याने बांधलेली, त्यामुळे सगळे दगड जुने समजू नका. ज्या राजवाड्यात ही चित्रं मुळात लावलेली होती तो आता उरलेला नाही. हाताशी आणखी अर्धा दिवस असेल तर पणजीत आदिलशहाचा वाडा बघा. १७५९ मध्ये विजरईंनी मुक्काम तिथे हलवला आणि ही चित्रंही मागोमाग तिथे गेली. १९१८ पासून गव्हर्नर पणजीजवळच्या काबोच्या वाड्यात राहू लागले. गोव्याच्या राज्यपालांचं निवासस्थान आजही तेच आहे. लहान मुलं बरोबर असतील तर मात्र आधी कमान आणि धक्का करा, दालन नंतर, आणि मुलांना फक्त कास्त्रोची दाढी आणि आल्व्होरची छडी एवढ्या दोनच गोष्टी सांगा.