शिट्टी न होणारा कुकर: स्वस्तातला इलेक्ट्रिक प्रेशर कुकर खान्देशी स्वयंपाकघरात

इलेक्ट्रिक प्रेशर कुकर घरात आला की पहिल्या आठवड्यात एकदा तरी डाळ बिघडते आणि खापर कुकरवर फुटतं. दोष बहुतेक वेळा शिट्ट्या मोजायच्या सवयीचा असतो. या कुकरला शिट्टीच नाही. वाफ आत कोंडून राहते, पाणी उडून जात नाही आणि घड्याळ दाब चढल्यावरच चालू होतं. एवढं डोक्यात बसलं की साधारण चार ते सहा हजारांत मिळणारं साधं मॉडेलही वरण, खिचडी, कडधान्यं रोजच्या रोज नीट करून देतं. भरीत आणि शेवभाजीसाठी मात्र घेऊ नका, त्याचं कारण पुढे येईलच.

दुकानात जाताना एक सांभाळा. 'इलेक्ट्रिक कुकर द्या' म्हटलं की बरेच दुकानदार राईस कुकर पुढे करतात. काचेचं झाकण असलेला, दोनेक हजारांचा. त्यात दाब तयारच होत नाही, तूरडाळ तासभर ठेवली तरी कणी राहते. प्रेशर कुकरचं झाकण जाड असतं, फिरवून कुलूप लागल्यासारखं बसतं, आणि त्यावर दोन गोष्टी दिसतात: वाफ सोडायचा व्हॉल्व्ह आणि शेजारी एक बारीक पिन. दाब चढला की ही पिन वर येते, उतरला की खाली पडते. पिन वर असेपर्यंत झाकण फिरत नाही, फिरवायचंही नाही.

मापाच्या बाबतीत डब्यावरच्या लिटरवर जाऊ नका. डाळ, तांदूळ, कडधान्य पाण्यासकट निम्म्यापर्यंतच भरायचं असतं, कारण ते फुगतं आणि फेसाळतं. रस्सा-मटण असेल तर दोन तृतीयांशापर्यंत. म्हणजे ६ लिटरच्या कुकरात डाळ-पाणी मिळून ३ लिटर. चार-पाच माणसांच्या घराला ५ ते ६ लिटरचा पुरतो, दोघांना ३ लिटरचा.

आतलं भांडं स्टीलचं मिळत असेल तर दोन-चारशे जास्त द्या. आपल्याकडे फोडणी कडकडीत तेलात, वाटण खमंग परतून, आणि कालथा लोखंडी; काळ्या कोटिंगचं भांडं यात फार दिवस टिकत नाही. बटणांची संख्या बघून पैसे मोजण्यात अर्थ नाही. 'बिर्याणी', 'केक', 'सूप' अशी बारा-चौदा बटणं म्हणजे आधीच ठरवून ठेवलेली मिनिटं असतात, दुसरं काही नाही. हवीत ती तीन: मिनिटं आपण ठरवू शकू असं प्रेशरचं बटण, परतण्यासाठी सॉटे, आणि बंद. रबराची रिंग आणि पिनेची टोपी सुटी मिळते का, सर्व्हिस सेंटर जळगाव-धुळ्यात आहे की पार्सल नाशिकला पाठवावं लागेल, हे बिल करण्याआधी विचारा.

विजेचं मात्र नीट बघावं लागतं. १००० वॅटचा कुकर २३० व्होल्टला साधारण साडेचार अँपिअर ओढतो. आकडा मोठा नाही, पण बोर्डाचं सॉकेट ढिलं असेल तर पंधरा मिनिटांत प्लग तापतो आणि प्लास्टिकचा वास येतो. कुकरच्या बाजूला लागणारी वायरही शेवटपर्यंत दाबून बसवा. अर्धवट बसलेल्या वायरीची पिन तिथेच काळी पडते. मल्टीप्लगमध्ये मिक्सरशेजारी लावू नका. व्होल्टेज पडलं की उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशोबाने घटते: १८० व्होल्टला १००० वॅटचा कुकर जेमतेम ६१० वॅट देतो. एरवी बारा मिनिटांत चढणारा दाब मग वीस मिनिटं घेतो. कुकर बिघडलेला नसतो, लाईन कमी असते. घरगुती इन्व्हर्टरवर हा चालत नाही, साधा इन्व्हर्टर एवढा भार घेत नाही.

आणि लाईट जाणं. दीपनगरचं वीजकेंद्र भुसावळला उशाशी असलं तरी लाईट जायची ती जातेच. बरीच स्वस्त मॉडेलं लाईट आल्यावर सगळं विसरून शून्यावर येतात. दुकानात कुकर चालू करून बोर्डाचं बटण बंद-चालू करून बघा, लगेच कळतं. घरी असं झालं तर आधी पिन बघा. पिन अजून वर असेल तर उरलेलीच मिनिटं लावा. पडली असेल तर झाकण उघडा, डाळीचा दाणा दाबून बघा, पाणी आटलं असेल तर अर्धी वाटी गरम पाणी घाला आणि ठरलेल्या वेळेच्या निम्मी मिनिटं पुन्हा द्या.

पहिल्या दिवशी काही शिजवू नका. भांडं आणि झाकण धुवा, रिंग झाकणातल्या तारेच्या कड्यात चहूबाजूंनी सारखी बसली आहे का ते बोट फिरवून बघा, भांड्यात पाऊण लिटर पाणी घाला, व्हॉल्व्ह बंद बाजूला वळवा आणि ३ मिनिटं लावा. पिन वर येते का, कडेने वाफ निसटते का, शेवटी वाफ कुठून जोरात बाहेर पडते, हे सगळं या एका फेरीत समजतं. बटण दाबल्यावर दहा-पंधरा मिनिटं पडद्यावर नुसतं 'ऑन' किंवा 'पी' दिसतं आणि मिनिटं हलत नाहीत. घाबरून बंद करू नका, दाब चढतोय.

सगळ्यात महागात पडणारी चूक भलतीच साधी आहे. आतलं भांडं धुवायला काढलेलं असतं आणि घाईत पाणी-डाळ थेट कुकरमध्ये ओतली जाते, तापणाऱ्या तव्यावर. असं झालं की प्लग आधी काढा, कुकर उलटा करून पाणी निथळवा आणि मेकॅनिकने उघडून आतून सुकवल्याशिवाय लावू नका. भांडं बाहेर असलं की कुकरच्या तोंडावर ताट उपडं घालून ठेवायची सवय बरी. भांड्याचा बुडही दर वेळी कोरडा पुसून ठेवा. मधला सेन्सर त्याला टेकून ताप मोजतो. मध्ये तांदळाचा एक दाणा आला तरी मोजमाप चुकतं.

आता डाळ. सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो, किती शिट्ट्या म्हणजे किती मिनिटं? सरळ हिशोब नाही, कारण शिट्टी गॅसच्या आचेवर असते. शिवाय गॅसवरचा कुकर साधारण १५ पीएसआय (दाब मोजायचं माप, दर चौरस इंचाला पौंड) दाबावर चालतो, तर बहुतेक इलेक्ट्रिक कुकर १० ते १२ वर. ताप चार-पाच अंश कमी पडतो, म्हणून वेळ थोडा वाढतो. चार शिट्ट्यांच्या डाळीला दहा मिनिटं, इथून सुरुवात करा.

२०० ग्रॅम तूरडाळ, ७०० मिलि पाणी, चिमूट हळद, चिमूट हिंग, एक चमचा तेल. तेल फेस खाली बसवतं, ते विसरू नका. अर्धा तास भिजवलेली असेल तर ९ मिनिटं, न भिजवता १३. घड्याळ संपल्यावर पंधरा मिनिटं हात लावायचा नाही, पिन आपोआप पडू द्यायची. घाईने व्हॉल्व्ह उघडलात तर वाफेबरोबर पिवळा फेस उडतो आणि ओट्यामागच्या फरशीपासून डब्यांपर्यंत सगळीकडे वरण होतं. झाकण काढल्यावर डाळ खाली आणि पाणी वर दिसेल. कच्ची राहिली असं वाटतं, पण रवी फिरवली की अर्ध्या मिनिटात एकजीव होते. मीठ नंतर घातलं तरी चालतं. चिंच, टोमॅटो, आमसूल मात्र शिजल्यावरच, आंबटात डाळ दडस राहते.

एवढं करूनही शिजत नसेल तर पाण्याकडे बघा. आपल्या भागात अनेक गावांत बोअरचं पाणी जड आहे. त्यातल्या कॅल्शियममुळे दाण्याची साल आणि गर घट्ट राहतो. जळगावच्या डाळ मिलमधली ताजी डाळही अशा पाण्यात वीस मिनिटं घेते. डाळ भिजवायला आणि शिजवायला फिल्टरचं पाणी वापरा. नाहीच जमलं तर खाण्याचा सोडा, अगदी दोन बोटांच्या चिमटीत मावेल तेवढा. जास्त झाला तर चव साबणासारखी होते.

रात्रीच्या खिचडीसाठी हा कुकर खरा कामाचा. १ वाटी तांदूळ, अर्धी वाटी अर्धा तास भिजवलेली तूरडाळ, मूठभर शेंगदाणे. सॉटेवर तेल तापवून मोहरी, लसूण, मिरची, हळद. त्यावर डाळ-तांदूळ मिनिटभर परतून ४ वाट्या पाणी, मीठ, मग ८ मिनिटं. गॅसवर याच मापाला साडेचार-पाच वाट्या घालत असाल तर इथे कमी करा, नाहीतर पेज होईल. मोकळी हवी असेल तर ३ वाट्या. दहा मिनिटांनी उरलेली वाफ सोडा. वरून कच्चं शेंगदाणा तेल आणि भाजलेला पापड, ते कुकरच्या हातात नाही.

वरण-भाताचे डबे लावणाऱ्यांनी कुकर घेण्याआधी डब्याचा व्यास मोजावा. चहूबाजूंनी बोटभर जागा सुटली पाहिजे. तळाला दीड-दोन वाट्या पाणी, त्यावर जाळी, खाली डाळीचा डबा, वर भाताचा, १२ मिनिटं आणि दहा मिनिटं थांबणं. भाताच्या डब्यात तांदळाच्या दीडपट पाणी पुरतं.

बाकीच्या वेळा थोडक्यात. रात्रभर भिजवलेले हरभरे १६ ते १८ मिनिटं, भिजवलेली चवळी ८, मोड आलेली मटकी २ (तिसऱ्या मिनिटाला तिचा लगदा होतो), सालीसकट बटाटे जाळीवर १०, भाजीसाठी कच्ची केळी सालासकट ४. उडदाची डाळ १० मिनिटं, पण भांडं एक तृतीयांशच भरा. ती तुरीपेक्षा जास्त फेसाळते आणि चिकट फेस थेट पिनेत जाऊन बसतो.

मसाल्याची भाजी करताना पडद्यावर 'बर्न' येतं किंवा एखादा एररचा आकडा. कारण ठरलेलं: कांदा-खोबऱ्याचं वाटण परतलं, ते तळाला धरलं, आणि त्यावरच झाकण लावलं. सेन्सरला ताप वाढलेला दिसतो आणि कुकर बंद पडतो. परतून झालं की अर्धी वाटी गरम पाणी ओता आणि लाकडी कालथ्याने तळ खरवडून साफ करा. सुटलेलं सगळं रश्शातच जातं, चव वाढते. मग मटण, मीठ, एकूण एक-दीड वाटी पाणी, आणि राहिलेलं वाटण वरून ठेवा, ढवळू नका. बोकडाच्या मटणाला २५ मिनिटं आणि पंधरा मिनिटं आपोआप उतरणं. रस्सा पातळ हवा तर उकळतं पाणी नंतर घाला. शेवभाजीला यातलं काहीच लागत नाही. तिला दाब नको, तेल सुटेपर्यंत आच हवी, आणि सॉटेची आच कढईइतकी कधीच होत नाही. भरिताचं तर बोलायलाच नको. कुकरात वांगं उकडतं. कपाशीच्या काड्यांवर भाजल्याचा धूर त्यात कुठून येणार?

फुनके (वाटलेल्या डाळीचे वाफवलेले मुटके) आणि उकडून तळायच्या बट्ट्या मात्र छान होतात. तळाला दोन वाट्या पाणी, तेल लावलेली चाळणी, फुनक्यांना ८ मिनिटं, मुठीएवढ्या बट्ट्यांना १५, पिन आपोआप पडू द्या. व्हॉल्व्ह उघडा ठेवून इडलीसारखं वाफवायचं असेल तर लक्षात ठेवा: दाब चढत नाही, म्हणून कुकरचं घड्याळही चालत नाही. मोबाईलवर वेळ लावा, नाहीतर तासाभराने पाणी आटून भांडं कोरडं पडतं.

वेळ वाचतो का? डाळीला चढायला बारा, शिजायला नऊ, उतरायला पंधरा, म्हणजे छत्तीस मिनिटं. गॅसवर यापेक्षा लवकर होते. फरक एवढाच की त्या वेळात ओट्याशी उभं राहावं लागत नाही. मे महिन्यात बाहेर पारा ४५ ला टेकलेला असताना गॅस न पेटवता वरण होणं ही गोष्ट लहान नाही. वीज एका वेळच्या डाळीला पाव युनिटच्या आसपास जाते.

पिन वर येत नसेल आणि कडेने वाफ जात असेल तर रिंग काढून पुन्हा बसवा. दोन-तीन ठिकाणी दाबून बघा, एक जागा सैल सापडतेच. कडेने वाफ नाही आणि तरी पिन वर नाही, तर पिनेखालची रबरी टोपी बघा, वाळलेल्या डाळीने चिकटलेली असते. कोमट पाण्यात भिजवून जुन्या टूथब्रशने घासा. व्हॉल्व्हच्या आतल्या बाजूची जाळीची टोपी आठवड्यातून एकदा ओढून काढा आणि धुवा. रिंगेत काळ्या मसाल्याचा आणि लसणाचा वास मुरतो, काही केल्या पूर्ण जात नाही. म्हणून दोन रिंगा ठेवा, एक रश्शाची, एक खीर-भाताची. वर्ष-दीड वर्षात रिंग कडक होते, तेव्हा बदला. जड पाण्याने स्टीलच्या तळाला पांढरे डाग पडले तर अर्ध्या लिंबाचा रस, दोन वाट्या पाणी, ५ मिनिटं प्रेशर. गरम असतानाच ओतून द्या आणि स्पंजने पुसा.