सावली-वारा बघणारा आर्किटेक्ट की मशीन बसवणारा?

पर्यावरणपूरक, म्हणजे 'ग्रीन' इमारतीसाठी एक आर्किटेक्ट फर्म म्हणतेय दिशा, खिडक्या, सावली यावर काम करू, दुसरी म्हणतेय सोलर, भारी एसी, सेन्सर टाकू, आणि तू मधे अडकलायस. ब्रोशरवरचा 'ग्रीन' हा शब्द बाजूला ठेव आधी.

खर्च म्हणशील तर पहिलीत डोकं जास्त, सामान कमी, पण सगळं ड्रॉइंगच्या वेळीच ठरवावं लागतं, नंतर खिडकी हलत नाही. दुसरीत सामानाचं बिल मोठं, पण हळूहळू टाकता येतं.

टिकण्यात पहिली सरळ पुढे. छज्जा, जाड भिंत इमारतीएवढंच जगतात, सोलर पॅनल साधारण 25 वर्षं, त्याचा इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात वापरता येईल अशी करणारा डबा) त्याआधीच बदलावा लागतो. आणि हो, पश्चिमेचं ऊन तिरपं आत येतं, तिथे नुसता आडवा छज्जा पुरत नाही, उभ्या फळ्या लागतात. फर्मला हेच विचार, लगेच कळेल कितपत पाण्यात आहेत.

मेहनत? पहिलीत खिडक्या वेळेवर उघड-बंद तूच करायच्या, दुसरीत सर्व्हिसवाल्याला फोन.

नवीन बांधकाम, मोकळा प्लॉट असेल तर पहिली घे, सोलर नंतर टाक. तयार इमारत, दमट हवा किंवा बाहेर गोंगाट-धूळ असेल तर दुसरीच बरी.