एकच मॉनिटर, चार कॉम्प्युटर: केव्हीएम स्विच वर्षभर वापरल्यावर

आमच्या डोंबिवलीच्या वनबीएचकेत कॉम्प्युटरसाठी टेबल एकच मावतं आणि त्यावर चार मशीन नांदतात. माझा ऑफिसचा लॅपटॉप, घरचा डेस्कटॉप ज्यावर मी फोटो आणि मराठी डीटीपीची कामं करते, मुलाचा जुना पीसी ज्यावर त्याने उबुंटू हे लिनक्स टाकलंय, आणि एक रास्पबेरी पाय 4, तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर, जो रात्री सगळ्यांचा बॅकअप घेतो. मॉनिटर एकच, 27 इंची फोर-के, कीबोर्ड-माऊसही एकच, आणि मध्ये चार पोर्टचा केव्हीएम स्विच, म्हणजे तोच मॉनिटर-कीबोर्ड-माऊस हव्या त्या मशीनला जोडून देणारा बॉक्स. वर्ष होत आलं, रोज सकाळपासून रात्रीपर्यंत वापर आहे, त्यामुळे आता नीट सांगता येईल.

आधी हेच सांगते की स्विचच्या पॅकिंगवर मोठ्या अक्षरात 'फोर-के' लिहिलंय म्हणून घेऊ नका. एचडीएमआय 1.4 वालाही फोर-केच असतो, पण सेकंदाला 30 फ्रेमच देतो, विंडो धरून ओढली की ती अडखळत येते आणि दिवसभर त्यावर काम करायचं म्हणजे डोळ्यांना त्रास. 60 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 60 फ्रेम, पाहिजे तर एचडीएमआय 2.0 किंवा डिस्प्लेपोर्टचा घ्यायचा. हे बारीक अक्षरात का होईना लिहिलेलं असतं, शोधून वाचा.

पण खरा पैसा ज्याला द्यायचा ती गोष्ट म्हणजे ईडीआयडी एम्युलेशन, आणि दुकानात विचारलं तर बहुतेकांना माहीतच नसतं. मॉनिटर कॉम्प्युटरला स्वतःची माहिती कळवतो, की मी अमुक इतक्या रिझोल्यूशनचा, अमुक रिफ्रेश रेटचा, त्याला ईडीआयडी म्हणतात, आणि मॉनिटरच्या ऐवजी बॉक्सनेच ती कळवत राहणं म्हणजे एम्युलेशन. साध्या स्विचमध्ये तुम्ही दुसऱ्या मशीनवर गेलात की पहिल्या मशीनला वाटतं मॉनिटर काढून टाकला. मग लॅपटॉप सगळ्या विंडो आपल्या छोट्या स्क्रीनवर कोंबतो, तुम्ही परत आलात की एक्सेल एका कोपऱ्यात, मेल भलत्याच साइझमध्ये, परत सगळं लावत बसा. दिवसातून दहा-पंधरा वेळा इकडून तिकडे करणाऱ्या माणसाचा यात जीव जातो. एम्युलेशन असलेला बॉक्स प्रत्येक पोर्टला सतत सांगत राहतो की मॉनिटर आहे, इथेच आहे, त्यामुळे विंडो जागच्या हलत नाहीत. माझा बॉक्स साध्याच्या जवळपास तिप्पट किमतीला पडला आणि तो सगळा फरक मला इथेच वसूल झालाय. ज्यांच्याकडे आधीच साधा आहे त्यांनी विंडोज 11 मध्ये डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये मॉनिटरनुसार विंडोंच्या जागा लक्षात ठेवायचा पर्याय आहे तो चालू करून बघा, बराच फरक पडतो.

कीबोर्डचंही तसंच आहे. साधा बॉक्स यूएसबी एका मशीनमधून काढून दुसऱ्याला लावल्यासारखं करतो, दर वेळी ते टुंग-टुंग वाजणार आणि कीबोर्ड ओळखेपर्यंत थांबायचं. माझ्यात कीबोर्ड-माऊस चारही मशीनना कायम लावलेलेच दिसतात. मशीन बदलायची हॉटकी म्हणजे स्क्रोल लॉक दोनदा आणि मग पोर्टचा नंबर, समजा 3, स्क्रीन क्षणभर काळी होते आणि समोर उबुंटू. बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, शिरायलाही कीबोर्ड चालतो, मुलगा सारखं काहीतरी नवीन इन्स्टॉल करत असतो त्यामुळे आम्हाला हे फार कामाचं. मात्र कीबोर्ड बॉक्सच्या कीबोर्डवाल्याच पोर्टला लावायचा, बाजूच्या हबच्या पोर्टला लावला तर हॉटकी चालत नाही. आणि घेण्याआधी आपल्या कीबोर्डवर स्क्रोल लॉक आहे का तेही बघा, हल्ली बऱ्याच छोट्या कीबोर्डवर नसतं, मग कंट्रोल दोनदा दाबून चालणारा बॉक्स शोधावा लागतो.

मराठी टायपिंगवाल्यांसाठी एक. स्विच फक्त कुठली कळ दाबली एवढंच पुढे पाठवतो, त्यातून कोणतं अक्षर उमटवायचं ते त्या त्या कॉम्प्युटरचं काम. म्हणजे इनस्क्रिप्ट, मराठीचा कीबोर्ड लेआउट, प्रत्येक मशीनवर वेगळं लावावं लागतं आणि भाषा बदलायची कळही सगळीकडे एकच ठेवावी लागते, नाहीतर बोटं गोंधळतात. मी चारही ठिकाणी विंडोज की आणि स्पेस ठेवलंय, आता डोक्यात विचारच येत नाही.

वेबकॅम आणि हेडसेट मी बॉक्सला लावतच नाही, सरळ ऑफिसच्या लॅपटॉपला. बॉक्सला लावले असतील आणि मीटिंग चालू असताना दुसऱ्या मशीनवर गेलात तर तुमचा आवाज आणि चेहरा दोन्ही मीटिंगमधून गायब होतात. हार्ड डिस्कही नको, माझ्या बॉक्सचं हब यूएसबी 2.0 आहे, म्हणजे कागदावर 480 एमबीपीएस, मोठे फोटो कॉपी करायला अर्धी दुपार जाते. आणि वायरलेस माऊसचा डोंगल यूएसबी 3.0 च्या हार्ड डिस्कला खेटून लावला तर माऊस अडखळतो, कारण यूएसबी 3.0 मुळे 2.4 गिगाहर्ट्झवर गोंगाट होतो, डोंगल छोट्या एक्स्टेन्शन वायरने लांब न्यायचा की झालं.

फुकटचा पर्याय म्हणून बरेच जण सॉफ्टवेअर सुचवतात, ज्याने एकच कीबोर्ड-माऊस नेटवर्कवरून सगळ्या मशीनवर चालतो. विंडोजचं माऊस विदाउट बॉर्डर्स चांगलं आहे, चार मशीनपर्यंत चालतं, लिनक्स असेल तर डेस्कफ्लो किंवा इनपुट लीप. ज्यांच्या प्रत्येक कॉम्प्युटरला स्वतःचा स्क्रीन आहे त्यांनी खुशाल हेच वापरावं. आमचा मॉनिटरच एक, शिवाय ऑफिसच्या लॅपटॉपवर बाहेरचं काही टाकू देत नाहीत, तिथे विषय संपला.

पावसाळ्यात आमच्याकडे लाईट ये-जा करते. लाईट गेली की बॉक्स बंद आणि परत आली की तो पोर्ट 1 वर जातो, म्हणून पोर्ट 1 ला ऑफिसचा लॅपटॉप ठेवलाय आणि बॉक्स, मॉनिटर दोन्ही डेस्कटॉपच्या यूपीएसवर टाकलेत. स्क्रीन मधेच ब्लिंक व्हायला लागला तर बॉक्सला दोष द्यायच्या आधी केबल बदला, फोर-के 60 ला 18 जीबीपीएस पेलणारी केबल लागते, पॅकेटवर प्रीमियम हाय स्पीड लिहिलेली बघून घ्या आणि शक्य तेवढी आखूड. पीसी ते बॉक्स आणि बॉक्स ते मॉनिटर दोन्हींची लांबी धरायची असते. रास्पबेरी पायला मायक्रो एचडीएमआय पोर्ट असतं, त्याची केबल वेगळी मागवा.

आता मुलाला भिंतीवर दुसरा मॉनिटर हवाय. दोन मॉनिटरचे केव्हीएम मिळतात, पण त्याला प्रत्येक मशीनमधून दोन-दोन व्हिडिओ केबल लागतात, म्हणजे आमच्या टेबलामागे आठ, आणि माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपला एचडीएमआय एकच आहे. त्यामुळे तो दुसरा मॉनिटर सरळ त्याच्याच पीसीला लावायचा असं ठरलंय.